जोर न लावता

डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
हिल्त्ये साच्यात जिलेटिन ओतते.
आज त्याला यकृत म्हणायचं.
थिजण्याआधी ती आत एक हिरवा वाटाणा सोडते,
आणि त्याच्या आड एक आडवी नळी : ही रक्तवाहिनी,
हिला धक्का लागता कामा नये.
फ्रिजवर चिठ्ठी आहे, खाऊ नये.
तरी मागे एका विद्यार्थ्याने खाल्लंच, साखर घालून.

भिंगाखाली टाचलेली गांधीलमाशी.
आहे-नाहीशी कंबर,
पोटाखाली केसाहून बारीक सोंड,
जी जिवंतपणी ओंडक्यात बोटभर खोल जायची.
हातोडी नाही, मागून रेटायला खांदा नाही.
सोंड तरी एक कुठे, तीन पाती आहेत ती,
एकमेकींच्या खोबणीत बसलेली.
एक सरकते केसभर,
दोघी लाकूड धरून थांबतात.
मग दुसरी.
मग तिसरी.
ढकलत कुणीच नाही, आणि वाट कापली जाते.

हिल्त्येच्या सुईत सात तारा आहेत.
एका बाजूच्या तारा पुढे काढल्या की सुई वळते.
सरळ बोटाने तूप निघत नाही
हे कुठल्याही स्वयंपाकघराला ठाऊक असतं,
यंत्रशाळेला अकरा वर्षं लागली.

आज वडील आलेत बघायला.
सीब्रेन. चाळीस वर्षं ओहोटीच्या वेळी
वाडन समुद्राच्या चिखलातून माणसं बेटावर नेली त्यांनी.
आता त्यांच्याच यकृतात, मागच्या अंगाला,
एका शिरेच्या आड, वाटाण्याएवढं काही आहे.
सरळ सुई तिथवर जात नाही.

"हे माझ्यासाठी?"
"नाही, बाबा. अजून बारा वर्षं. झालंच तर."
ते मान हलवतात. टोपी गुडघ्यावर ठेवतात.
"आणि ही माशी, ती काय करते आत जाऊन?"
"अंडं घालते. दुसऱ्याच्या अळीत.
पिल्लू अळीला आतून खातं."
"म्हणजे मारेकरणीचं हत्यार उचललंत."
"हत्यार तेवढंच. बाकीचं तिचं तिच्यापाशी."
त्यांना हसू येतं, मग खोकला.

पडद्यावर चौथी तार अडकते.
हिल्त्ये मोटरचा वेग वाढवते. जिलेटिनला तडा जातो, बारीक,
नखाने ओढावा तसा.
"जोर नको गं," ते म्हणतात,
पडद्याकडे नाही, तिच्या मनगटाकडे बघत.
"रुतलेला पाय उपसायला गेलीस की दुसरा जातो.
त्याला जरा मागे घे. बाकीच्यांना धरू दे."

ती मागे घेते. एक दशांश मिलिमीटर.
सहा तारा धरून राहतात.
चौथी सुटते, नळीला वळसा घालते,
आणि वाटाणा हलतो,
कुणी झोपेत कूस बदलावी इतकाच.

हिल्त्ये वहीत वेळ लिहिते.
तडा गेलेला, तोही लिहिते.
सीब्रेन टोपी घालतात, विचारतात,
लेउवार्डनची शेवटची गाडी किती वाजता.