करंट गेल्यावर

वडगावात आमच्या घरात चार माग,
मागांच्या पलीकडे चूल.
पहाटे पाचपासून खटाखट खटाखट.
आई हातानं विचारायची, भाकरी दोन की तीन?
आप्पा बोटं दाखवायचे.
बाराखडीच्या आधी मी ओठ वाचायला शिकले.

मग करंट जायचा.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे
आणि आप्पांचा आवाज ऐकू यायचा,
दिवसभर आत साठलेला.
कधी मजुरीवरून, कधी आईच्या चंदगडकडच्या माणसांवरून,
कधी नुसताच.
मी कांड्यांच्या टोपलीमागं बसून रंग निवडायची,
डाळिंबी, मोरपंखी, डाळिंबी.
करंट आला की इतर पोरं दिव्याकडं बघून ओरडायची.
मला गोंगाट परत आल्याचं बरं वाटायचं.

महांतेश बैलहोंगलचा.
त्याचे आईवडील संध्याकाळी कट्ट्यावर शेंगा फोडत बसतात,
तासभर, एक शब्द नाही.
मी पाहिलंय.
टरफलांचा ढीग मधोमध वाढत होता
आणि त्याची आई, नजर रस्त्यावर ठेवूनच,
भरलेले दाणे नवऱ्याच्या बाजूला सरकवत होती.
मला वाटलं, आता कोणीतरी फुटणार.
कोणी फुटलं नाही. दिवा लागला, ते उठले.

काल दुसऱ्या गेटवर अडकलो.
त्यानं स्कूटर बंद केली. गप्प बसला.
मी मागं बसून त्याच्या मानेवरची शीर बघत होते.
काय झालं?
काही नाही.
मग बोल की.
"एन माताडली?" तो हसला. काय बोलू?
काहीही. रागव हवं तर.
पण आत्ता रागव, गाडी यायच्या आत.

तो आरशातून बघायला लागला.
मी वेडी आहे की काय, असं नाही,
नवीन गावात पाटी वाचतात तसं.

मिरजेची गाडी आली.
खटाखट खटाखट, डब्यामागून डबा,
आणि माझे खांदे आपोआप खाली आले.
त्या आवाजात मी त्याला सगळं सांगितलं,
टोपली, रंग, आईचा हात,
आरशात बघत, आवाज न करता,
आमच्या घरी सांगायचो तसं.

शेवटचा डबा गेला.
काय म्हणालीस?
त्याला ओठ वाचता येत नाहीत.
कशाला येतील.

काही नाही, मी म्हटलं,
आणि शेजारणीला दारातूनच परत पाठवणारा
आईचा आवाज ऐकला, माझ्याच तोंडून.

गेट वर गेलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले.
कन्नडमध्ये एक शिवी, मराठीत दोन.
त्यानं स्कूटर चालू केली नाही.
परत सांग, म्हणाला.