अठ्ठेचाळिसाव्या तासाची पिशवी

महूच्या गोठ्यात पहाटेचे चार.
भेरूलाल मोबाइलचा उजेड धरतो,
मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवते
आणि चारशे सतरा नंबरच्या डाव्या कुशीतलं
रबरी बूच फिरवून काढते.

आत एकोणचाळीस अंश.
सोयाबीनच्या भुशाची आंबूस वाफ.
दोरीला बांधलेली नायलॉनची पिशवी
चाचपत राहते मी,
ती रवंथ करते, वळूनही बघत नाही.
दर चाळीस सेकंदांनी तिचं पोट
माझं मनगट आवळतं,
सोडतं.
हेही मोजायचं असतं.

भेरूलाल तिला काबरी म्हणतो.
वहीत त्यासाठी रकाना नाही.
पहिल्या थंडीत त्यानं विचारलं होतं,
"मॅडम, इसको दुखता नी क्या?"
जखम केव्हाच भरलीय, मी म्हणाले.
खरंच भरलीय.
तो काही बोलला नाही,
घमेलं उचलून गेला.

पिशवी धुतली, वाळवली, तोलली:
पाच ग्रॅम टाकलं होतं,
एक पूर्णांक नऊ उरलं.
उरलेल्याचं वजन करतो आम्ही.
गेलेलं तिचं.

इंदूरच्या बसमध्ये शेजारची बाई
पदर नाकाला लावून सरकून बसते.
साबण तीनदा लावला होता.
राऊ येईपर्यंत
दर चाळीस सेकंदांनी
मनगट वाट बघतं.