बोध घ्यावा

सोमवारी सकाळी नऊला, ग्रिम्सबीच्या ठाण्यात,
वरच्या मजल्यावर
सार्जंट हॅरिएट कॉप्ली नव्या भरतीला उभं करते.
हात पाठीमागे. बेड्या खऱ्या.
"आता मला सांगा, घर कुठंय तुमचं.
तोंड उघडायचं नाही."

कुणी खांदे उडवतं.
लाल केसांचा एक हनुवटीनं
खिडकीपलीकडची गोदी दाखवतो,
सगळे फिदीफिदी हसतात.
ती घड्याळ बघते.

दुसऱ्या मिनिटाला हसू आटतं.
सहाव्याला कुणाचं तरी नाक खाजू लागतं.
अकराव्याला ती फाईल उघडते.

नावावर काळी पट्टी.
तक्रारदार, वय त्रेपन्न,
मासळीबाजारात बर्फ फोडतो.
जन्मापासून ऐकू येत नाही.
रात्री दाराशी कुलपाशी खटपट करताना दिसला,
हाक मारली, वळला नाही, म्हणून...

ह्या 'म्हणून'पाशी ती दर वेळी अडते.

पुढे सत्तावीस पानं.
गैरवर्तन सिद्ध होत नाही.
कारवाई नाही. बोध घ्यावा.
चार वर्षं तो बोध कपाटात होता,
कुणाच्या तरी विसरलेल्या छत्रीशेजारी.

शेवटी टाचलेलं बायकोचं पत्र, एकच पान:
"तुम्ही लिहिता, फक्त हात बांधले.
आमच्या घरात हात म्हणजेच तोंड.
अकरा मिनिटं तो सांगत होता,
दार माझं, किल्ली माझी,
पाठीमागे, बोटांनी, बेड्यांच्या आत.
तुमच्यातलं एकही माणूस
मागे जाऊन बघायला आलं नाही."

खोलीत हीटरची टकटक तेवढी.
लाल केसांचा विचारतो,
"त्या बेड्या घालणाऱ्याचं काय झालं?
आहे अजून नोकरीत?"

ती आधी त्याच्या बेड्या काढते.
मग म्हणते, "आहे.
सोमवारी शिकवते."

कुणी मनगट चोळतं, कुणी चोळायचं थांबतं.

"एकदा बाजारात दिसला.
वाचनालयाच्या वर्गात शिकले होते,
मूठ छातीवर गोल फिरवायची, म्हणजे माफ करा.
मी फिरवली. घाईघाईनं,
चहा ढवळावा तशी.
त्यानं बर्फाचा हातमोजा काढला,
माझं मनगट धरलं
आणि मूठ हळू फिरवून दाखवली. दोनदा.
मग गिऱ्हाईक आलं."

"म्हणजे माफ केलं?"

"ते कळण्याइतकी
त्याची भाषा अजून येत नाही मला."