कडता

कांदा-बटाटा मार्केटात चौतीस वर्षं मापाडी होतो मी,
आणि संध्याकाळी कोपरखैरण्याच्या कोर्टावर
गुणलेखक.
दोन्हीकडे काम एकच:
काट्यावर बोट ठेवायचं नाही,
दुसऱ्याला ठेवू द्यायचं नाही.

कठड्यावरची पोरं विचारतात,
काका, शलाका मोठी की भोईर?

शलाका केणी, घणसोलीची, वय एकोणीस.
परवा वाशीविरुद्ध अडतीस,
घोट्याला पट्टी बांधून, निम्मे डाव्या हाताने.
आणि मोरेश्वर भोईर म्हणजे,
त्याला खेळताना पाहिलेली माणसं
आता जेवणाआधी गोळी घेतात
आणि दर दिवाळीला त्याचे गुण वाढवतात.
बावन्न होते. मग साठ झाले.
गेल्या महिन्यात कुणीतरी त्याला
तापल्या सिमेंटवर अनवाणी पळवलं.
सिमेंट कुठलं? मुरूम होता तेव्हा.
पायात कॅनव्हासचे बूट, धाकट्या भावाचे,
टाचेकडे ब्लेडने कापलेले.

कांद्याचं पोतं रात्रभर पडलं
की सकाळी अर्धा किलो कमी भरतं.
आठवणीचं उलटं.
जितकी पडून राहील तितकी भरते.

तुलना करायची तर कडता धरा, म्हटलं.
भोईरच्या वेळी तीनची रेषाच नव्हती कोर्टावर,
पार अर्ध्यातून टाकला तरी दोन.
शलाकाला रेषा आहे,
पण तिच्या अंगावर दोन-दोन जणी सोडतात,
तिचं प्रत्येक वळण मोबाइलवर पाठ करून आलेल्या.
भोईरला कोण पाठ करून येणार होतं?
आणि मेरीकुट्टीला कुठे ठेवायचं,
वाशीची, तीन वर्षं खेळली,
मग नर्सिंग, मग मस्कत?
जसपालला?
कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवरून यायचा,
चेंडूवर त्याच्या ग्रीसची बोटं
सामना संपेपर्यंत दिसायची.
पोरं म्हणाली, हे कोण?

रात्री माळ्यावरून वह्या काढल्या.
सात नंबरची. सत्याऐंशी साल, ठाण्याविरुद्ध, अंतिम सामना.
भोईर: एकतीस.
बावन्न नाही. साठ नाही.
एकतीस,
आणि शेवटच्या चार मिनिटांचे रकाने
कोरे.
पान फाटलेलं नाही, चहा सांडलेला नाही.
शाई संपली म्हणावं तर
खाली माझी सही आहे, त्याच पेनाने,
निकाल नुसता फळ्यावरून उतरवलेला.
मी लिहायचं विसरलो होतो.
मी.
पाव किलोसाठी दलालाची कॉलर धरलेला माणूस.

बायकोने विचारलं, काय शोधताय एवढ्या रात्री?
काही नाही म्हटलं. धूळ झटकून वही परत वर.

काल भोईर स्वतः आला.
रेतीचा टेम्पो गेटबाहेर लावला,
गुडघा धरून धरून पायरीवर बसला.
पोरांनी त्यालाही सोडलं नाही.
म्हणाला, "आमचे टायमाला रिंगला जाली नवती.
आत परला का भायेर, यावरनंच भांडनं.
माना नका इचारू."
पुढे काहीतरी सांगणार होता,
तेवढ्यात शलाकाने चेंडू घेतला.

मला एवढंच आठवतं की ती थांबली.
म्हणजे धावता धावता थांबली,
आणि समोरच्या दोघी
ती जिथे असायला हवी होती तिथे जाऊन पोचल्या.

शेजारचा पोरगा टॅबवर गुण भरतो.
त्याने कोपराने ढोसलं,
काका, तुमचे किती? जुळवून घेऊ.
वहीत पाहिलं.
तिच्या नावापुढे सहा घरं पांढरी.
पेन बोटांत, टोपण उघडं.

"तुझे सांग," म्हटलं.

पायरीवर भोईर उभा होता,
कधी उठला कळलं नाही,
सगळं वजन
दुखऱ्या पायावर.