बाकावरचे गुण

ओजसने जेल रोडवरून आणलं ते यंत्र,
जुनं, पण खोका शाबूत.
म्हणाला, आत्या, तू खेळलेली आहेस ना,
तूच सांग हा गेम कसा आहे.
दहापैकी किती?

सुदामा नगरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड.
आज पाण्याचा दिवस. मोटर चालू,
टाकी भरेपर्यंत वीस मिनिटं आहेत माझ्याकडे.
म्हटलं, दाखव.

चेंडूचा आवाज बरोबर आहे.
लाकडी मैदानावर असाच येत असावा. आमचं सिमेंटचं,
मे महिन्यात संध्याकाळी सहालाही
कॅनव्हासच्या बुटांतून तळवे भाजायचे.
बुटांची चुईंचुईं बरोबर.
चेंडू आत पडला की जाळी आधी किंचित वर उसळते,
तेही कुणीतरी नीट बघितलंय.
घाम आहे. तिसऱ्या सत्रात कपाळावर, चौथ्यात मानेवर.
प्रेक्षक मात्र खोटे,
पिवळ्या शर्टातले एकच काका सात ठिकाणी बसलेत.
अर्धा गुण कमी.

"तू मार ना, आत्या."
फ्री थ्रो. बटण दाबून धरायचं, पट्टी भरत येते,
हिरव्यात सोडायचं.
मी चारही चुकवले.
हा दोष गेमचा की माझा
ते कुठे धरायचं नाही, असं मी ठरवलं.

ओजस बघतो चेंडूकडे. सगळेच बघतात.
खासगीवाले सर म्हणायचे, खेळ बघायचा असेल
तर ज्याच्या हातात चेंडू नाही त्याच्याकडे बघा.
इथले चौघे धावतात, जागा करून देतात.
एक जण हात वर करून मागतो, त्याला मिळत नाही,
आणि हात खाली घ्यायला तो जरा वेळ लावतो.
वा.
एक गुण वाढवला.

मग म्हटलं, थांबव. बाक दाखव.
"बाक?"
राखीव बसतात तो.
"ते कोण बघतं? सगळे पुढे पळवतात."
दाखव.

तीन हंगाम. चौदा नंबर.
एकूण अकरा मिनिटं खेळले,
त्यातली सात ग्वाल्हेरला, मंदा तांबेचा घोटा मुरगळला तेव्हा.
मी देवाकडे काही मागितलं नव्हतं.
म्हणजे, घोटा असं नव्हतं म्हटलं.
बाकीचा वेळ टॉवेल, बाटल्या, मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी,
आणि टाळ्या.
टाळी फार जोरात वाजवली तर नाटक वाटतं,
फार हळू, तर सरांना ऐकू जात नाही.

कॅमेरा वळला.
सात जण. एकदम उठले, एकदम टाळ्या,
सात जोड्या हात, एकाच साच्यातले.
दोन गुण कापले, मनातल्या मनात,
जरा रागानेच.

पुन्हा लाव.
आता दुसऱ्याने बास्केट केली होती, त्या उंच गोऱ्याने.
सहा उठले.
टोकाचा, खांद्यावर टॉवेल असलेला,
उठला अर्धा सेकंद उशिरा.
आधी फळ्याकडे बघितलं, मग त्या उंचाकडे,
मग टाळी.

"बग आहे," ओजस म्हणाला.
बग नाही. पुन्हा लाव.
तीनदा लावून घेतलं.
इतरांच्या बास्केटला हा सगळ्यांबरोबर उठतो.
उशीर फक्त त्या एकाच्या वेळी,
जो याच्या जागेवर खेळतो.

कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी ऑफिसात
कुणीतरी बसून हे घातलंय,
कुणी बघणार नाही हे माहीत असून.
त्याच्या साहेबानेही बघितलं नसेल.

खालून चौहानांची सून ओरडली,
आंटी! टंकी!
पाणी जिन्यावरून वाहायला लागलं होतं.
"आत्या, गुण तर सांग. दहापैकी?"

मी चपला शोधत होते.
त्याला घे ना आत, म्हटलं, टोकाच्याला.
"त्याचं रेटिंग फार कमी आहे."
असू दे.
मोटर बंद करून येते.
तोवर घे त्याला.