चावीवाल्याची मुलगी घर बघते

हेरंबने शीट केली आहे.
आडव्या ओळींत गावं : ऐरोली, घणसोली, खारघर, उलवे, कामोठे.
उभ्या रकान्यांत चौरस फूट, हप्ता, शाळा,
बेलापूरचं माझं ऑफिस किती मिनिटं,
तळोज्याची त्याची कंपनी किती मिनिटं.
हिरवं म्हणजे परवडतं.
ऐरोली पहिल्याच रविवारी लाल झाली.

बाबा सोबत येतात, न बोलावता.
इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन.
बत्तीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले होते, कळव्यात.
पहाटे साडेतीनला माणसाएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून
रस्त्याच्या पोटातले व्हॉल्व्ह फिरवायचे.
किती आटे सोडले की कुठल्या चाळीत हंडा भरतो,
त्यांच्या मनगटाला पाठ.
आमच्याकडे पाणी सगळ्यांत शेवटी यायचं.
स्वतःच्या नळाला आधी सोडलं
असं कुणी म्हणायला नको.

घणसोलीत मढवी एजंटने सॅम्पल फ्लॅट दाखवला.
पलंग असा, की कुणाचेही पाय बाहेर यावेत.
फ्रिज पुठ्ठ्याचा.
आतल्या खोल्यांना दारंच नव्हती,
त्यामुळे म्हणे जागा मोठी दिसते.
हेरंब बाल्कनीतून डोंगर बघत होता.
याच डोंगराच्या टोकाला आपण राहतो, बाबा म्हणाले.
कुणी विचारलं नव्हतं.
मग बाथरूममध्ये जाऊन, चष्मा काढून,
त्यांनी उभ्या पाइपला कान लावला.
"दमलेलं आहे."
कोण?
"पाणी. चढताना थांबतंय."

खारघरला म्हणाले, लाइनीने हवा धरलीय.
उलव्याला टॉवर इतका नवा
की खिडक्यांना अजून निळा कागद.
तिथे नळ सोडून तळवा धरला,
थोडं पाणी ओठांना लावलं, थुंकले.
"टँकरचं. याला गाव नाही."

हेरंबने हसत नवा रकाना केला : पाणी, बाबांच्या मते.
सगळीकडे शून्य.
उलव्याला उणे दोन.

रात्री तो झोपल्यावर मी शीट उघडली
आणि आणखी एक रकाना घातला :
कळव्यापर्यंत किती मिनिटं.
बाबांच्या रकान्याला चिकटून.
घणसोली पंचवीस, दमलेलं.
खारघर पंचावन्न, हवा धरलेलं.
उलवे दीड तास,
गाव नसलेलं.

फ्रिजची मोटर चालू झाली, बंद झाली.
मी रकाना पुसला.
शीटमध्ये आता तो कुठेच नाही.

कामोठे. रिसेल, तिसरा मजला, चौदा वर्षांची इमारत.
ओट्याखाली सिलिंडरचा गंजका गोल,
न्हाणीघराच्या भिंतीवर ओल,
जिला मालकीणबाई "मागच्या वर्षीची" म्हणाल्या.
बेलापूर वीस मिनिटं.
तळोजा पंचवीस.
पुढचा आकडा मी मोठ्याने वाचला नाही.

हेरंबने चेकबुक काढलं, माझ्याकडे बघितलं.
मी बाबांकडे.
दुपारचे अडीच, नळ कोरडा.
पाणी साडेसहाला येतं, मालकीणबाई म्हणाल्या,
सरबत करू का?

तरी त्यांनी चष्मा काढला, माझ्या हातात दिला,
पाइपला कान लावला.
बराच वेळ.
खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर घासत होतं.
"आहे," ते म्हणाले.
"पण बाबा, नळ तर कोरडाय," हेरंब.
"खाली आहे. लांबून यायचं म्हणजे वेळ लागणारच.
उशिरा येईल, पण येईल.
शनिवारी वगैरे."

आणि तो नळ,
ज्यात थेंबही नव्हता,
त्यांनी जरा जास्तच घट्ट
बंद केला.