डाव्या हाताची गाठ

साठ खुर्च्या सांगितल्या होत्या,
मंडपवाल्याने अठ्ठावन्न दिल्या.
मी खजिनदार. दोनदा मोजल्या.
पत्रिकेवर ठळक छापलं होतं: माजी विद्यार्थी मेळावा, दापोली,
आणि खाली, जरा बारीक टायपात,
समलिंगी व पारलिंगी लेखकांचं वाचन, नंतर जेवण.
बरेच जण जेवणाच्या हिशोबाने आले होते.
हर्णैच्या लिलावातली सुरमई
पाहुण्यांच्या आधी सभागृहात पोचली होती, वासाने.

पहिली उभी राहिली उर्मी भुवड, दोन हजार बाराची,
केसांत सुरंगीचा गजरा.
म्हणाली, शिमग्यात मी गवळण व्हायचे.
पाच रात्री अख्खी वाडी म्हणायची, काय बाई दिसते!
सहाव्या सकाळी साडी उतरवली नाही,
तर त्याच वाडीला माझं जुनं नाव आठवलं,
मोठ्याने.
मागे कुणीतरी हसलं,
मग ते हसू तोंडातून काढून
माशाच्या काट्यासारखं
गुपचूप कडेला ठेवून दिलं.

लाईट गेली. इथे जातेच.
फोनच्या विजेऱ्या पेटल्या
आणि त्या तुटक उजेडात नझीम परकार,
रूम नंबर बावीस, खिडकीकडची कॉट.
दाढी पांढरी. आवाज तोच,
परीक्षेच्या पहाटे मला उठवणारा.

त्याने कविता वाचली नाही, प्रॅक्टिकलची वही वाचली.
कोय कलम. रोप पंधरा दिवसांचं, पान अजून तांबूस.
काडी पाचरीसारखी तासावी.
खाच द्यावी. साल सालीला भिडावी.
पट्टी घट्ट बांधावी
आणि बरेच दिवस सोडून बघू नये.
माझ्या जोडीदाराने उलटी बांधली, डावखुरा होता.
सरांनी एक मार्क कापला.
कलम जगलं.
तेव्हा आणखी एक कलम होतं, कायद्याच्या पुस्तकात.
त्याखाली आम्ही दोघंही यायचो.
मी तसाच राहिलो.
तो वैशाखात बोहल्यावर चढला.

वही मिटल्याचा आवाज आला.
अठ्ठावन्न खुर्च्यांत डावखुरे किती,
हे एवढंच मी त्या दिवशी मोजलं नाही.
माझा हात रोकडवहीखाली होता.
शेजारी सुनंदा. तिने डास हाकलला,
माझ्याकडे पाहिलं नाही.
सव्वीस वर्षं झाली,
सुतळीच्या, पिशव्यांच्या, बाळंत्यांच्या,
माझ्या गाठी तिला सोडवता येत नाहीत,
कात्री आणते.

जेवणं उरकल्यावर मानधनाची पाकिटं.
घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही,
असोसिएशनचा नियम आहे, मीच केलेला.
नझीम परकार, वाचन, रुपये पाचशे फक्त.
त्याने सही केली, पेन माझ्याकडे सरकवलं.
शाळेत छडी मारून उजव्या हातात दिलेलं पेन
मी डाव्यात घेतलं.
सही पोरासारखी उमटली,
उताराला लागलेली.
ऑडिटर विचारेल, ही कुणाची?

लाईट आली होती.
नझीमने पावती उचलली,
शाईवर फुंकर घातली, बराच वेळ,
शाई तर केव्हाच वाळली होती.
मग म्हणाला,
गावी नेलंस ना ते झाड?
धरतं का रे अजून?

म्हटलं, धरतं.
वर्षाआड.

बाहेर मंडपवाला
खुर्चीत खुर्ची घालत होता.
त्याला मी साठाचे पैसे दिले.